चिट्टूची झापडं

रुक्माबाईअक्कांशी माझी ओळख झाली ती एका अडलेल्या बसमुळे. तिरुवैयारुला जाणारी आमची बस कालव्याच्या पुलाजवळ थांबली होती, कारण रस्त्याच्या मधोमध एक हाडकुळी घोडी उभी होती. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता आणि घोडी हलायला. तेवढ्यात आमच्याच शाळेत भूगोल शिकवणाऱ्या अक्का छत्री सावरत खाली उतरल्या. घोडीच्या मानेवर हात ठेवून त्यांनी खिडकीतल्या मला, धाकट्या भावाला हाक मारावी तसं, आपल्या तंजावरी मराठीत विचारलं, "तंबी, तुज्या डब्यांत कांहीं उरलें आहे कीं?"

मी शाळेत गणित शिकवायला लागून जेमतेम महिना झाला होता. ज्येष्ठ बाईंना नाही कसं म्हणणार? डबा घेऊन उतरलो. बस निघून गेली आणि आम्ही दोघं, मध्ये घोडी, असे अक्कांच्या नारळीच्या बागेपर्यंत चालत गेलो. माझा दहीभात घोडीने संपवला. त्या दिवसापासून माझे रविवार अक्कांचे झाले.

तंजावरात तेव्हा ऑटो वाढले होते, ज्याच्या त्याच्याकडे मोपेड आली होती. स्टेशनसमोरच्या जटक्यांत, म्हणजे घोडागाड्यांत, कुणी बसेना. ज्यांना स्वतःचं पोट भरणं अवघड झालं, ते घोड्याला काय घालणार? तट्टं उकिरड्यांवर दिसू लागली, खूर वाढून चपलेसारखे वळलेले, पाठीवर जखमा. आम्ही हळहळायचो आणि पुढे जायचो. अक्का पुढे गेल्या नाहीत, एवढाच फरक, पण केवढा मोठा!

त्यांचा एक दंडक होता. मालकाला शोधून त्याची संमती घेतल्याशिवाय त्या जनावर ठेवून घेत नसत आणि मालकाला कधी दोष देत नसत. त्या घोडीसाठी त्या तीन दिवस स्टेशनवर चौकशी करत होत्या. शेवटी पापनाशमचे पळनी नावाचे जटकावाले भेटले. मान खाली घालून ते बागेत आले. घोडीचं नाव त्यांनीच सांगितलं, चिट्टू, म्हणजे चिमणी. अक्कांनी त्यांना आधी कॉफी दिली, मग चिट्टूला काय आवडतं ते विचारलं. पळनी मोकळेपणी बोलू लागले. जाताना म्हणाले, स्टेशनवर आणखी चौघांची तट्टं उपाशी आहेत, त्यांनाही घेऊन येतो.

आता या लेखाच्या मुख्य गोष्टीकडे येतो. चिट्टूच्या डोळ्यांना चामड्याची झापडं होती. आयुष्यभर तिने फक्त समोरचा रस्ता पाहिलेला. अक्कांनी मला बजावलं होतं, "झापडें येकदम काढूं नकों. पळनीला पुसूं, मग पाहूं." पण एका रविवारी अक्का देवळात गेलेल्या असताना मला तिची फार कीव आली. मी बक्कल सोडलं. क्षणभर चिट्टू स्तब्ध राहिली. मग बाजूच्या रस्त्याने बस गेली. आपल्या शेजारून एवढं मोठं काही जातं, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं. ती उधळली आणि सरळ कालव्यात पडली.

गावकऱ्यांनी दोर लावून तिला वर काढलं. पुढचे तीन दिवस ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, उभी राहिली तर जगेल. पळनी धावत आले, तिच्याशेजारी बसले आणि त्यांनी विचारलं, "कुणी काढली?"

अक्का म्हणाल्या, "मीच काढली."

पळनींनी त्यांना सर्वांसमक्ष नको ते बोलून घेतलं. ती चार तट्टं आली नाहीत. चौथ्या दिवशी चिट्टू उभी राहिली, कायमचा अधू झालेला मागचा पाय घेऊन. मी अक्कांना विचारलं, असं का केलंत? त्या म्हणाल्या, "मजवर रागें भरला तर तो उद्यां परत येईल. तुजवर भरला तर तूं येणार नाहींस. हें कोण्हास सांगूं नकों."

पळनी खरंच परत आले. झापडं पुन्हा चढवून त्यांनी कात्री मागितली आणि दर शुक्रवारी बोटभर चामडं कापू लागले. दीड-दोन महिन्यांनी चिट्टू उघड्या डोळ्यांनी कुंपणाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बस बघायची. ते पाहून मालकांनी ती चार तट्टंही आणली आणि नंतर कितीतरी आली. आजही बागेतली कात्री पळनींकडेच असते. "अम्माच्या हाती देऊ नका," असं ते अक्कांकडे बोट दाखवून येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. लोक हसतात, अक्काही हसतात. अक्कांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथातल्या इतर लेखांतही अक्कांनी झापडं काढल्याचा तो किस्सा आला असेल. तो खोटा आहे.

अक्का घरात मराठी बोलतात, पण देवनागरी त्यांना वाचता येत नाही. म्हणूनच, त्यांचा शब्द मोडून, हे इथे छापायचं धाडस मी केलं. मात्र पळनींना हे कागदावरून कळणं बरं नव्हतं. गेल्या आठवड्यात पापनाशमला जाऊन मी त्यांना तमिळमध्ये सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग अम्मांनी इतकी वर्षं माझी बोलणी का खाल्ली?"

अक्कांच्या पंच्याहत्तरीच्या दिवशी त्यांनाच विचारतो, असं ते म्हणाले आहेत. अक्का सरळ उत्तर देणार नाहीत, विषय घोड्यांना घालायच्या कोंड्यावर नेतील. तेव्हा पळनींना हा प्रश्न दर शुक्रवारी पुन्हा विचारता यावा आणि अक्कांना तो दर वेळी टाळता यावा, इतकं भरपूर आणि निरोगी आयुष्य दोघांनाही लाभो.