एक दिवस पुणं, एक दिवस डोंगर

मामा आधी नाकानं वास घ्यायचे, मग वरचा ओठ डाव्या बाजूला उचलायचे आणि एवढं सगळं झाल्यावर सावकाश म्हणायचे, "शी. मान्सं हायेत का कोन." हे वाक्य त्यांनी रस्त्यावर, हॉटेलात, लग्नाच्या मांडवात आणि एकदा तर खुद्द माझ्या खोलीत येऊन म्हटलेलं आहे. माझ्या मोरीत तेव्हा तीन दिवसांची भांडी होती.

सगळ्या जगाची घाण वाटणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेक वेळा त्यांच्या स्वतःच्या अंगणात पाय ठेववत नाही. मामांचं तसं नव्हतं. त्यांची जीप जुनी होती, रंग उडालेला, दार दोरीनं बांधलेलं. पण आत खाली भाकरी थापावी इतकी स्वच्छ. जीपमध्ये पाय टाकण्याआधी ते फिरायला आलेल्या पार्टीला चपला झटकायला लावत. ते माझ्या घरमालकिणीचे मामा, म्हणून सगळ्यांचेच मामा. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला चार घरांची वाडी आहे, तिथं ते विधवा भावजयीसोबत राहायचे आणि शनिवार-रविवारी पार्ट्या फिरवायचे.

मी अकोल्याची. हिंजवडीत नोकरी, कासार आंबोलीला भाड्याची खोली. पुण्याकडं नोकरी लागली की माणसाला नातेवाईक फुटतात. ज्यांनी माझ्या मुंजीच्या वयाच्या भावाला कधी पेपरमिंटची गोळी दिली नाही, ते फोन करून म्हणायला लागले, "दोनच दिवस आहेत गं. पुणं पण बघायचं आणि डोंगर पण." मग मी प्लॅन करायची. पहिला दिवस शनिवारवाडा, कसबा गणपती, मिसळ, तुळशीबाग. दुसरा दिवस मुळशी, ताम्हिणी घाट, पिठलं-भाकरी, परत. सगळं वेळेसकट एका कागदावर. नातेवाइकांचं झालं, मग ऑफिसातल्यांचे नातेवाईक. माझा कागद प्रसिद्ध झाला, आणि मला त्याची घमेंड चढली, हे आत्ताच सांगून टाकते.

तो कागद आधी मामांकडून तपासून घ्यावा लागे. "धाला पुनं सोडायचं लिवलंस? धाला घाटात जत्रा असती. तुला मान्सं बघायचीत का डोंगर?" असं म्हणून ते सहा करायला लावत. पुणं शहर त्यांना मुळीच पसंत नव्हतं. शनिवारवाड्याला पार्टी आत जायची आणि हे जीपपाशी थांबायचे. एकदा माझ्या काकांनी हाताला धरून आत नेलं. दहा मिनिटांत बाहेर. तिथं भिंतीवर कुणी बदाम काढून दोन नावं कोरली होती, ती मामा अंगठ्यानं पुसायला बघत होते म्हणे. "पेशव्यांचा वाडा हाय म्हनं. आन हे त्यांचं जावाय," एवढंच बोलले आणि पुढचा अर्धा तास ओठ खाली आला नाही.

एका पार्टीतल्या बाईंनी घाटात वेफरचं पाकीट खिडकीतून सोडलं. मामांनी पुढं जागा मिळाल्यावर जीप वळवली, दोन वळणं मागं आणली, काठी घेऊन उतारावर उतरले, पाकीट शोधलं, सीटखालच्या पोत्यात टाकलं, हात धुतले आणि गाडी सुरू केली. बाई लालबुंद. पुढं संत्र्याच्या सालीसुद्धा त्यांनी पर्समध्ये घालून पुण्यापर्यंत नेल्या. संध्याकाळी मला फोन. "कसली मान्सं धाडतीस गं? घरात बी असंच करत्यात का? तुला तरी अक्कल हाय का, का ती बी अकोल्यालाच ठिवून आलीस?" मी हसून ऐकून घेत असे. शहरात मला इतक्या आपुलकीनं कुणी झापत नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर आई-बाबा आले. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी घाटाच्या वळणांवर आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "मले मळमळते बाप्पा, गाडी थांबवा." गाडी थांबेपर्यंत व्हायचं ते झालं. सीटवर, त्या स्वच्छ पत्र्यावर आणि मामांच्या बाहीवर. बाबा दुसरीकडं बघत बसले. मी मेल्याहून मेल्यासारखी. आता ओठ वर जाणार म्हणून मामांच्या तोंडाकडं बघत राहिले.

ओठ जागचा हलला नाही. मामांनी आईला सावलीत बसवलं, वाटेवरची माती ओंजळीनं आणून टाकली, फडक्यानं सगळं स्वतःच्या हातानं पुसलं. मी पुढं झाले तर मला ढकललं. "तू आईपाशी बस." मी माफी मागायला लागले तेव्हा म्हणाले, "आजाऱ्याची कसली घान? मस्तीची असती ती घान." मग आईला म्हणाले, "आक्का, वर वाडीला चला. आमचं पानी प्या, पोट बसंल." म्हणून आम्ही वाडीच्या झऱ्यावर गेलो. एरवी त्यांनी कुठल्याच पार्टीला तो दाखवला नव्हता.

वाडीच्या मागं जांभळीच्या झाडांत कातळातून बोटभर धार येते आणि खाली दगडाच्या कुंडात साठते. चपला लांब काढायच्या, कुंडात पाय बुडवायचा नाही, आणि पहिली ओंजळ शेजारच्या शेंदूर लावलेल्या दगडावर, देवाला. हे मामांनी आईला एखाद्या लहान मुलीला सांगावं तसं हळू आवाजात सांगितलं. आईनं तसं केलं, मग पोटभर प्यायली. "लय गोड आहे वं पाणी," म्हणाली. प्यायला वाडी बारा महिने हेच पाणी नेते, आणि होळीनंतर विहीर आटली की चारी घरं सगळ्यालाच ह्या धारेवर. आम्ही असतानाच मामांच्या वहिनी कळशी घेऊन आल्या. वय सत्तरीचं, पण कळशी कमरेला घेताना कुणाचा हात लावू दिला नाही.

खाली उतरताना मामा थांबले. "पोरी, हे तुज्या कागदावर लिवायचं न्हाई."

"नाही लिहिणार, मामा."

"बघ हां."

"नाही म्हटलं ना."

जानेवारीत आमच्या हेड ऑफिसची टीम यायची होती. दोन दिवस, पुणं आणि डोंगर. मॅनेजर म्हणाला, "शनिवारवाडा-ताम्हिणी सगळेच करतात यार, कुछ हटके चाहिए." आता इथं मला असं लिहिता येईल की माझ्यावर दबाव होता. अजिबात नव्हता. चार लोकांत माझी अक्कल दिसावी एवढाच सोस होता. दहा मिनिटांत मी लिहून टाकलं, "दुसरा दिवस, सकाळ: फक्त गावकऱ्यांना माहीत असलेला झरा." शेजारी नकाशातली खूण. आणि स्वतःच्या मनाची समजूत घालायला खाली तीन ओळी, "चपला लांब काढाव्यात. पाय बुडवू नयेत. पहिली ओंजळ देवाला." नियम लिहिले की लोक पाळतात असं मला वाटलं होतं की काय कोण जाणे. मला सगळ्यात जास्त किळस येते ती त्या तीन ओळींची. चोरी करताना दाराच्या पाया पडून जावं, तसलं ते. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. गाडी मी पुण्यातली ठरवून दिली. मामांची जीप मुद्दामच सांगितली नाही, म्हणजे आपण काय करतोय हे मला पुरतं ठाऊक होतं.

होळीच्या आधीपासून मामांचे फोन बंद झाले. दोन पार्ट्यांसाठी मी केला तर, "गाडी बंद हाय," म्हणून ठेवून दिला. घरमालकीण म्हणाली, मामाची जीप तर पौडला दिसली. मी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

एप्रिलमध्ये अकोल्याच्या मामेबहिणीचा मेसेज आला. "ताई, आम्ही येतोय. पुणं आणि डोंगर, दोन दिवसांचा हा प्लॅन आमच्या ग्रुपवर आलाय, भारी आहे. तुला हा झरा माहितीये का?" उघडून बघते तर माझाच कागद. शब्द न् शब्द माझा, मिसळीपुढची चुकलेली वेळसुद्धा. खालच्या तीन ओळी तेवढ्या कुणीतरी छाटून टाकल्या होत्या. मी मॅनेजरला गाठलं, म्हटलं हे मागं घ्यायला हवं. तो म्हणाला, "आता कुठून मागं घेणार? अगं, हिट झालाय तुझा प्लॅन."

सोमवारी रजा टाकली आणि स्कूटर काढून वाडीला गेले.

वाट ओळखू येईना इतकी रुंद झाली होती. जांभळींच्या अलीकडंच वास आला. कोंबडीची हाडं, कागदी ताटल्या, फुटलेल्या बाटल्या. झाडांच्या मागं लोक जे करून गेले होते त्यावर पांढऱ्या कागदांचे बोळे. कुंडात शाम्पूचा फेस आणि त्यात तरंगणाऱ्या पुड्या. आणि कुणा आईबापांनी बाळाची दोन घाण लंगोटं, ती विकतची असतात ती, नीट गुंडाळून त्या शेंदूर लावलेल्या देवाला टेकवून ठेवली होती. सुशिक्षित माणसं असणार, घडी अगदी व्यवस्थित होती. मी जांभळीला धरून तिथंच ओकले.

कुंडाच्या काठावर मामा वाकून काचा वेचत होते. शेजारी तीन पोती भरलेली. माझ्याकडं वळून पाहिलं आणि पुन्हा काम करू लागले.

"मामा," मी म्हटलं, "तो कागद मी लिहिला होता."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"शिमग्याच्या आधी एक पार्टी आली व्हती. हितं घिऊन चला म्हनली. फोनवर वाचून दावलं. पयली ओंजळ देवाला." त्यांनी काच पोत्यात टाकली. "ते मी तुमच्या आईलाच सांगितलं व्हतं."

मी पोत्याकडं हात नेला. त्यांनी पोतं अलगद बाजूला सरकवलं. "ऱ्हाऊ द्या. काच लागंल."

मग विचारल्यावर त्यांनी सांगितलं, तुकड्यातुकड्यानं. वहिनींना पाणी बाधलं, चार दिवस दवाखान्यात होत्या. तेव्हापासून वाडीतलं कुणी हे पाणी तोंडाला लावत नाही. आता साफ करून वाट करवंदीच्या काट्यांनी बंद करायची, वर्षभर कुणी जायचं नाही, वाडीतल्यांनीसुद्धा. पाणी नासलं की तशी रीत आहे. "आज्याच्या येळंला आत म्हस मेली व्हती," मामा म्हणाले. "तवा केलं व्हतं बंद. त्यानंतर हे आत्ताच."

"शी" म्हणाले नाहीत. ओठ उचलला नाही. एवढ्या घाणीत उभे राहून त्यांचं तोंड कोरडं ठणठणीत होतं. ते मला बघवेना.

ऊन चढलं होतं. मामा म्हणाले, "घरी चला, पानी घ्या." मी मागोमाग गेले. ओटीवर वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, निम्म्या झालेल्या. कोपऱ्यात, जिथं पूर्वी तीन कळशा एकावर एक असत, तिथं प्लास्टिकचा निळा जार होता, तोटीचा. मामांनी पेला दोनदा विसळला, तोटीखाली भरला, बशीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं केला.

"घ्या. जारचं हाय. पौडवरनं गाडी येती."

माझ्यानं राहवलं नाही. "मामा, मला बोला की काहीतरी. चार शिव्या द्या. अक्कल काढा माझी."

मामांनी वहिनींकडं पाहिलं, मग उंबऱ्याकडं. आवाज अगदी साधा होता.

"तुमाला काय बोलायचं," ते म्हणाले. "तुमी पाव्हनं मानूस."

मी पेला उचलला आणि सगळं पाणी प्यायले. गार होतं, त्याला कसलीच चव नव्हती. वहिनींनी विचारलं, आनखी हवं का. मी नको म्हटलं. मामा कोयता घेऊन करवंदी तोडायला निघून गेले.