गोजरबाईंचं फोल्डर

वारूळवाडीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी टायपिंग शिकवायचे आणि पलीकडच्या टेबलावर बुद्धभूषण प्रोग्रॅम लिहायचा. आसपासच्या गावांतल्या दूध डेअऱ्या त्याच्याच प्रोग्रॅमवर चालायच्या. मालक गोरखशेठ ते फक्त विकायचे.

त्याच्या कॉम्प्युटरवरचा पसारा बघून माझं डोकं फिरायचं. एकाच प्रोग्रॅमच्या चाळीस प्रती, आणि फोल्डरांना नावं माणसांची. राजुरीच्या गोजरबाईंनी एकदा पावती नाचवत, सकाळचं फॅट संध्याकाळच्या दुधाला कसं लागलं म्हणून त्याला धारेवर धरलं होतं. ती चूक काढलेला प्रोग्रॅम 'गोजरबाई'मध्ये. मग 'गोजरबाई शेवटचं', त्यानंतर 'गोजरबाई खरंच शेवटचं'. ओतूरचा प्रोग्रॅम 'भिमाजी चष्मा'मध्ये, कारण तिथल्या भिमाजींना अक्षरं मोठी हवी होती. कुठूनही फोन आला की बुद्धभूषण माणूस आठवायचा आणि मिनिटात फोल्डर उघडायचा. दुसऱ्या कुणाला ते सात जन्मांत सापडलं नसतं. तरी मी उठता-बसता त्याच्यामागे लागायचे, की अरे, कधीतरी आवर.

२००४च्या दिवाळीआधी गोरखशेठच म्हणाले, "समदं नीट लावून ठेव. नव्या माणसाला इचारायची येळ येऊ नये. मंचरला शाखा काढायचीय, तिथं तुलाच बसवतो. तू काय परका हाय का? घरचाच."

सहा वर्षांत या घरच्या माणसाला त्यांनी एकदाही घरी जेवायला बोलावलं नव्हतं. पण बुद्धभूषण खुलला, आणि खरं सांगते, मीही खुलले.

तीन आठवडे तो खपला. आधी गाव, त्यात डेअरी, त्यात वर्ष. चाळीस प्रतींचा एकच प्रोग्रॅम केला, गावागावांच्या खोडी वेगळ्या फाइलींत काढल्या. कुठं काय बदललं आणि का, तेही सोप्या मराठीत लिहून ठेवलं. गोजरबाईंचं नाव पुसून 'राजुरी-२' टाकताना त्याला हसू आलं. शेजारी खुर्ची ओढून जुनी नावं वाचून दाखवायला मीच बसले होते.

दिवाळी झाली आणि शेठच्या मेहुण्याचा मुलगा सूरज पुण्याहून शिकून आला. शेठनी बुद्धभूषणला सांगितलं, की मंचरचं काही जमत नाही, इथं दोघांचं काम नाही; आठ दिवसांत सूरजला सगळं समजावून दे, मग तू मोकळा. मी मनात शेठना नको नको ते बोलले आणि पोरांचं टायपिंग तपासत राहिले. मलाही पगार तेच द्यायचे.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन सूरजशेजारी बसला. सूरजने पंधरा-वीस मिनिटं एकेक फोल्डर उघडून पाहिलं. पोरगा वाईट नव्हता, हेच जास्त लागलं.

"दादा," तो म्हणाला, "इतकं नीट लावलेलं काम मी कॉलेजातसुद्धा पाहिलं नाही. तुम्हाला विचारायचं काही उरलंच नाही. आठ दिवस कशाला अडकता? आजच निघालात तरी चालेल."

बुद्धभूषणने वही मिटली आणि माझ्याकडे बघितलं. मला त्या मेल्या टापटिपीची इतकी शिसारी कधीच आली नव्हती.