सहाशे ओमची सोयरीक

कृष्णात चौगुल्याचं कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की हा काचा बदलत विचारतो, "ह्ये बरं का त्ये बरं?" आणि उत्तर काहीही आलं तरी आणखी दोन काचा घालून बघतो. त्यामुळे त्याच्याकडचा चष्मा उशिरा मिळतो, पण नाकावर बसला की बसला. एवढ्यावर थांबला असता तर शहाणा माणूस म्हणून त्याला सोडून दिलं असतं. पण डोळ्यांवर पोट भरणाऱ्या या गड्याला कानांचं वेड लागलं, आणि वेडा माणूस दिसला की मला त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यानं पुण्यातल्या एका प्रदर्शनात एक भारी हेडफोन ऐकला, जागेवर विरघळला आणि तोच घेऊन कसबा बावड्याला घरी आला. खिशात मावणाऱ्या आपल्या छोट्या प्लेअरला जोडून त्यानं तो मोठ्या थाटात बायकोच्या, वर्षाराणीच्या, कानांवर चढवला.

"ऐक की!"

तिनं ऐकलं. "शेजारच्यांचा रेडिओ लागल्यागत वाटतंय," ती म्हणाली.

बाई खोटं बोलत नव्हती. हेडफोन सहाशे ओमचा होता. ओम जितके जास्त तितका हेडफोन हट्टी. त्याला बोलतं करायला मागं दांडगा ॲम्प्लिफायर लागतो. पुण्यात तो होता. चिमुकल्या प्लेअरच्या जिवावर मात्र हा नुसता कुजबुजायचा. कृष्णातनं हे सगळं हातवारे करून समजावलं.

"सहाशे ओम?" वर्षाराणी म्हणाली. "जप करायला आणलाय व्हय?"

असे कानवेडे कोल्हापुरात पुष्कळ आहेत. त्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, नाव ‘सोयरीक’. तिथं हेडफोनला पोरगी म्हणतात आणि ॲम्पला पोरगा. पोरगी अबोल आहे, पोरगा तापट आहे, दोघांचं पटेल का, अशी चर्चा तिथं रात्रंदिवस चालते आणि त्यातल्या एकालाही हसू येत नाही. याच ग्रुपवरून कृष्णातनं तीन ॲम्प ऐकायला आणले. पहिल्यावर गाणारणीचा आवाज सुरीसारखा कानात घुसला. दुसरा तव्यासारखा तापला आणि ढोलकीचा चिखल झाला. तिसरा गाणं थांबलं तरी स्वतःच गुणगुणत बसला. दर वेळी वर्षाराणीला खुर्चीत बसवून यानं विचारलं, "ह्ये बरं का त्ये बरं?" आणि दर वेळी ती म्हणाली, "माझं पीठ मळायचं राहिलंय."

शेवटी तिनं सांगून टाकलं, "आता एकच. त्येच्यावर बी न्हाय बोललं तर हे डबडं विकायचं, आन् पुन्हा माझ्या कानाला हात लावायचा न्हाय."

विकायचं दुःख कृष्णातला होतंच, पण ते दुय्यम. एकट्याला ऐकायचं असतं तर तो पुण्याला जाऊन केव्हाच ऐकून आला असता. आपण जे ऐकलं ते वर्षाराणीनं एकदा ऐकावं, एवढीच त्याची हौस होती, आणि तीच दोन वर्षं पुरी होत नव्हती.

तेवढ्यात कागलच्या आकारामनं ग्रुपवर आपल्या दांडग्या ॲम्पचा फोटो टाकला. आकाराम पतसंस्थेत कॅशियर. चाळिशी उलटलेला, बिनलग्नाचा, थोरली विधवा बहीण बाळाबाई हिच्या धाकात राहणारा. फोटोखाली नंबर घरचाच दिला होता. कृष्णातनं लगेच फोन लावला. तो उचलला बाळाबाईनं, कारण आकाराम अंघोळीला गेला होता. घरातल्यांना ग्रुपची भाषा ठाऊक असणारच, अशी कृष्णातची समजूत, आणि तो सुटला.

"बावड्यास्नं कृष्णात बोलतोय. तुमचा पोरगा अजून मोकळा हाय न्हवं? कुठं ठरला न्हाय ना?"

"न्हाय, न्हाय!" बाळाबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला. "मोकळाच हाय की!"

"आमची पोरगी जरा जड हाय. लवकर तोंड उघडत न्हाय. पर आतनं सोनं हाय बघा. तीन ठिकाणी दाखवली, कुणाला झेपली न्हाय."

"आमचा दांडगा हाय. झेपंल!"

"मग रविवारी घेऊनच येतो. समोरासमोर बसवू आन् जमलं तर तितंच जोडून टाकू."

रविवारी नवरा-बायको मोटरसायकलवरून कागलला पोचले तर दारात ही मोठी रांगोळी. आत सतरंज्या अंथरलेल्या, शेजारचे गणपतराव फेटा बांधून बसलेले, आणि कोपऱ्यात नवा शर्ट घातलेला आकाराम, तो कशासाठी घातला ते कळत नसल्यासारखा. रविवारी ॲम्प ऐकवायला एवढा थाट! कागलच्या माणसांची दिलदारी बघून कृष्णातचा ऊर भरून आला.

"या पावणं!" बाळाबाईनं स्वागत केलं, मग वर्षाराणीच्या मागं डोकावून पाहिलं. "पोरगी कुठाय?"

"पिशवीत," कृष्णात म्हणाला.

गणपतराव उठून उभे राहिले.

"वाटंत धक्कं बसू नयेत म्हणून फडक्यात गुंडाळलीया," असं म्हणत कृष्णातनं हात घालून हेडफोन बाहेर काढला. आधी वर्षाराणीला उमगलं. ती भिंत धरून खाली बसली आणि पोट दाबून हसू लागली. मग आकाराम लालबुंद झाला. गणपतराव चप्पल न घालताच घरी गेले. बाळाबाई मात्र हसली नाही.

"चार दिस झाले, माझ्या जिवाला जीव न्हाय," ती म्हणाली. "वाटलं, ह्येचं एकदाचं मार्गी लागलं." तिचे डोळे भरले होते. कृष्णातला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ही बाई कोल्हापूरकडची. तिनं पदरानं डोळे पुसले आणि ताटल्या आदळल्या. "केल्यात तर पोहे खावा आता!"

पोहे खाता खाता आकाराम हळूच म्हणाला, "ऐकवतो. पर देणार न्हाय."

कृष्णातनं घास खाली ठेवला. "का?"

आकारामनं खिशातून आपले इअरफोन काढले, शेंगदाण्याएवढे. ते थोड्या ओमचे आणि इतके हळवे की या दांडग्या ॲम्पवर गाण्यामागं स्टोव्ह पेटल्यासारखी फुसफुस यायची. पण दुसरं यंत्र त्याच्याकडं नव्हतं. असलेलं दिलं तर गाणंच बंद. कृष्णातनं आपलं रडगाणं सांगितलं, यानं आपलं, आणि दोघं एकमेकांना मनापासून धीर देत बसले.

"आरं गाढवांनो," बाळाबाई ओरडली, "ह्येचं मवाळ यंत्र तू घे, तुझं दांडगं ह्येला दे. साटंलोटं करा की!"

दोघांनी ताटल्या बाजूला सारल्या. मग आकारामनं आपले शेंगदाणे कृष्णातच्या खिशातल्या प्लेअरला जोडले, कानात घातले आणि लहान पोरासारखा किंचाळला, "फुसफुस ग्येली, आक्का!"

उरली ती निम्मी सोयरीक. कृष्णातनं ॲम्पला मोबाइलची वायर लावली. वर्षाराणीला लावण्या आवडतात म्हणून त्यानं एक जुनी लावणी लावली आणि हेडफोन तिच्या कानांवर ठेवला.  ती डोळे मिटून बसली.

"ह्ये बरं का..." त्यानं तोंड उघडलं. तिनं हात वर करून त्याला गप्प केलं.

आणि मग सारी गल्ली ऐकेल अशा आवाजात ती ओरडली, "अवो, बाई श्वास घेतीया! गायच्या आधी श्वास घेतीया! ढोलकीवाल्याच्या बोटात अंगठी हाय, टिचकन वाजतीया!"

"वरडू नगंस, आम्ही हितंच हाय!" बाळाबाई तिच्यापेक्षा मोठ्यानं म्हणाली आणि सरकून शेजारी बसली. पुढची लावणी तिनं ऐकली. त्याच्या पुढची गणपतरावांनी, चपला न्यायला आले आणि फेटा उतरवून बसले. मग हेडफोन फिरून वर्षाराणीकडं आला. कृष्णातनं दोनदा हात पुढं केला, दोनदा तिनं तो ढकलला. त्यानं अजून एक सूरही ऐकला नव्हता. गार झालेले पोहे खात तो तिच्या तोंडाकडं बघत बसला होता, आणि इतका आनंद त्याला पुण्यातही झाला नव्हता.

अखेर तिनं एक कान मोकळा केला.

"दोन वर्सं ह्येच ऐकवायचं हुतं व्हय मला?"

"व्हय."

"मग नीट सांगायचं न्हाय व्हय!" ती म्हणाली, आणि कान पुन्हा झाकून घेतला.