शेंड्याजवळच्या पेशी

रेखाच्या वडिलांचा फोन आला तेव्हा मी आमच्या अंबाजोगाईच्या खोलीवर तिचीच वाट पाहत होते. सुट्टी संपली होती. "पोरी, ट्रॉली उलटली," आबा म्हणाले, आणि पुढं नुसता वाऱ्याचा आवाज... बातमीत तिचं नावही आलं नाही. 'ऊसतोड मजूर तरुणी ठार', एवढंच. ती पेशीविज्ञानात एम.एस्सी. करत होती, शेवटच्या वर्षाला होती. महिना उलटून गेला, कुणी छापलं नाही, म्हणून मी लिहिते आहे.

रेखा शिरूर कासारकडची. पहिल्याच प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळातल्या पेशी विभागताना पाहायच्या होत्या. सगळ्यांना दिसल्या, हिला एकही नाही. हिनं मुळाचा शेंडा कापून फेकला होता आणि बुडखा काचेवर घेतला होता. मॅडम म्हणाल्या, "अगं, विभागणाऱ्या पेशी शेंड्यातच असतात." ही म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं उसाचा शेंडा बैलाला टाकत्यात. साखर बुडात असती." वर्ग हसला, तीही हसली. तेव्हापासून आमच्या खिडकीत पाण्याच्या ग्लासवर कांदा कायमचा बसला, आणि तिच्या अंगठ्यावर स्लाईडच्या रंगाचा लाल डाग.

मी चळवळीची पत्रकं निघणाऱ्या घरात वाढले, आता स्वतः पत्रकं काढते. तोडणीच्या बायांवरचं एक तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लई रडवतीस गं पत्रकवाले. आईची पिशवी काढली तवा डाक्टर 'खराब हाय' म्हणले. कुणी तपासून बघितलं का? न्हाई. खराब म्हंजी काय, ते मला बघता यायला पायजे." गर्भाशयाला आमच्याकडं पिशवीच म्हणतात, जड झाली की टाकून द्यायची वस्तू असल्यासारखं. त्या बघता येण्यासाठी ती शिकत होती.

तोडणीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ऑपरेशननंतर आईला वाकवेना, म्हणून सुट्टी लागताच रेखा तिच्या जागी निघाली. मी भांडले.

"आबा एकटे पडत्यात," ती म्हणाली. "अर्धा कोयता कुणी घेत न्हाई. तू कांद्याचं पानी तेवढं बदल."

मी याला अपघात म्हणणार नाही. भरलेल्या उसावर माणसं बसवून ट्रॉली हाकली की ती कधीतरी उलटते, हे हाकणाऱ्याला, भरणाऱ्याला, उसाची वाट बघणाऱ्या कारखान्याला, सगळ्यांना ठाऊक असतं.

तिचं सामान न्यायला आई आल्या. मॅडमनी त्यांना प्रयोगशाळेत नेलं, रेखानं केलेली स्लाईड सूक्ष्मदर्शकाखाली लावली. स्टूल पुढं केलं तर बसल्या नाहीत. कमरेला हात लावून वाकल्या.

"ह्या चांगल्या हायेत का?"

"चांगल्या आहेत," मॅडम म्हणाल्या.

त्या बराच वेळ तशाच वाकून राहिल्या...

निघताना मी कांदा देऊ केला. "र्‍हाऊ दे," त्या म्हणाल्या, "तुला सांगितलंय ना तिनं." आता त्याची मुळं ग्लासच्या तळाला टेकली आहेत. मी पाणी बदलते. शेंड्यांना हात लागू देत नाही.