जांभळा पेला

अगं वसू, जरा निवांत बस आणि हे पत्र सावकाश वाच. तुला सगळंच भराभर उरकायची खोड आहे. पन्नाशीच्या लेकीला आईनं रागावू नये म्हणतात, पण रागवायला मला दुसरं आहे कोण?

आज दुपारी टेबल मांडताना ते जुने रंगीत काचेचे पेले काढले. लहानपणी तुमची भांडणं नकोत म्हणून मी रंग वाटून दिले होते, दादाचा हिरवा आणि तुझा जांभळा. तुझ्या बाबांना हल्ली नावं आठवत नाहीत, पण रंग आठवायचे. "जांभळी कधी येणार?" असं विचारायचे, आणि मी म्हणायचे, "जांभळीला रजा मिळाली की."

ह्या पेल्यांचा रंग वरून लावलेला नाही, काच वितळलेली असतानाच तो तिच्यात मिसळलाय. म्हणून इतकी वर्षं घासूनही उतरला नाही. मला वाटायचं, माणसात माणसं अशीच मुरलेली असतात. तसं नसतं गं. तिथला रंग उतरतो, आणि जवळ बसलेल्याला नुसतं बघत राहावं लागतं.

आज त्यांनी जांभळा पेला उन्हाच्या कवडशात फिरवून पाहिला आणि मला विचारलं, "बाई, हा कुणाचा? पाहुणे येणारेत का?"

म्हटलं, "येणारेत." आणि वाढत राहिले.

तू आलीस की ओळखतील, असं खोटं सांगणार नाही. तरी लवकर ये, पोरी. मलाही त्यांनी आज बाई म्हटलंय. आई म्हणणारं कुणीतरी घरात हवंय मला.