सातव्या टेबलावरचे राजम्याचे दाणे

इसिद्रा सालमोरिन ही इलोइलो शहरातील एका मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर, हालो-हालोच्या दुकानात टेबले पुसते. मी त्याच दुकानात मागील बाजूस ग्लास व बश्या धुते. अकरा वर्षे आम्ही एकत्र काम केले आहे. म्हणून तिच्याविषयी लिहिण्याचा मला अधिकार आहे, असे मी मानते.

आमच्याकडे मृताच्या घरून कोणीही थेट आपल्या घरी जात नाही. वाटेत कोठेतरी थांबावे लागते, म्हणजे पाठीमागे आलेला जीव तेथेच राहतो. पूर्वी लोक चौकातील खानावळीत थांबत. आता मॉलमध्ये येतात, कारण तेथे गारवा असतो आणि मुलांना हालो-हालो, म्हणजे बर्फाचा चुरा, दूध, गोड राजमा व जांभळे आइस्क्रीम घातलेला ग्लास, मिळतो. उठताना मात्र ‘चला घरी’ असे मोठ्याने म्हणायचे नसते. जो ऐकतो, तो येतो.

काळ्या कपड्यांतील माणसे निघून गेली, की इसिद्रा मला थोरली बहीण मानून म्हणे, “मानांग, आणखी एकाला ठेवून गेले बघ. आपलं दुकान आहे की धर्मशाळा?”

गेल्या वर्षी तिचा नवरा क्रिस्पुलो, तिचा ‘पुलोंग’, वारला. दफनानंतर तिचे कुटुंब नेमके आमच्याच दुकानात आले.

“नेरिसा, इथे नको,” ती सुनेला म्हणाली. “मला उद्या इथेच कामाला यायचंय.”

“नानाय, पाय सुजलेत माझे,” सासूला आई म्हणणारी सून म्हणाली. “सातवा महिना आहे. बाळ येणार त्या घरी मला कुणाला न्यायचं नाही. जवळ आहे तिथे बसू.”

ते सातव्या टेबलावर बसले, त्यांनी खाल्ले, आणि काही न बोलता ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सातव्या टेबलावरून जी बशी आली, तिच्या काठावर राजम्याचे नऊ दाणे ओळीने मांडलेले होते. तेथे दोन विद्यार्थिनी बसल्या होत्या. दाणे आपण ठेवले नाहीत, असे त्या म्हणाल्या. त्यानंतर तेथे कोणीही बसले, तरी बशी तशीच येई.

“लग्नाच्या दिवसापासून असंच करायचा,” इसिद्रा म्हणाली. “राजमा नको म्हणून सांग म्हटलं, तर सांगायचा नाही. मांडत बसायचा.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “एसीच्या खालीच बसवलंय त्याला. थंडी सोसत नाही गं त्याला.”

त्याला घरी न्यावे, असे तिला फार वाटत होते. परंतु घरी बाळ यायचे होते. म्हणून रोज काम सुटल्यावर ती तळमजल्यावरील बेकरीत अर्धा तास बसे, आणि मगच घरी जाई.

चाळिसाव्या दिवशी जीव कायमचा निघून जातो, असे आम्ही मानतो. त्या दिवशी इसिद्राने सुटी घेतली, चांगला पोशाख केला, आणि सातव्या टेबलावर बसून दोन हालो-हालो मागवले. समोरची खुर्ची टेबलाला टेकलेली होती. ती सावकाश खात राहिली. मी पडद्याआडून पाहत होते.

तेवढ्यात बाळाचे कपडे घेऊन नेरिसा दारात आली. ती थकलेली होती. तिच्या तोंडून निघून गेले, “नानाय, चला घरी.”

समोरची खुर्ची वीतभर मागे सरकली. हे मी स्वतः पाहिले आहे.

इसिद्राने उठून दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली. “ती मला म्हणाली, पुलोंग, तुला नाही. तू बस.” मग मागे न पाहता ती सुनेला म्हणाली, “तू हो पुढे. बेकरीत थांब. घरी जाऊ नकोस.”

नेरिसा सरकत्या जिन्याने खाली दिसेनाशी होईपर्यंत तिने खुर्ची सोडली नाही. खुर्ची तिच्या हातांतून ओढली जात होती.

बाळ सुखरूप जन्मले. मुलगी आहे.

त्या दिवसानंतर सातव्या टेबलावरच्या बश्या स्वच्छ येऊ लागल्या. इसिद्रा मात्र प्रत्येक बशी माझ्याकडे देण्यापूर्वी उजेडात धरून तिचा काठ पाहते. ती अजूनही अर्धा तास बेकरीत बसते.

गेल्या आठवड्यात तिने सातव्या टेबलावरचा एक ग्लास व बशी मला धुण्यास दिली नाही. पदराखाली झाकावे तसे ते एप्रनखाली धरून ती उभी होती. मी हात पुढे केला.

“थांब, मानांग,” ती म्हणाली. “त्याचं अजून संपलं नाही.”