कानातल्या सुया

दर गुरुवारी समाजमंदिरात दारू सोडू पाहणाऱ्यांच्या कानांत बारीक सुया टोचतात, दोन्ही कानांत पाच-पाच. मग सगळे गोल करून चाळीस मिनिटं गप्प बसतात. सोबत आलेल्यांनाही टोचून घेता येतं, म्हणून धाकट्या भावाशेजारी मीही बसले.

“अक्का, तुला कसलं गं व्यसन?” त्याने विचारलं.

“तुला ओरडायचं.”

शेजारची बाई फिसकन हसली.

बाटल्या मोरीत ओतणं, त्याच्या मित्रांना दारातूनच हाकलणं, सगळं मी करून पाहिलं आहे. इथे मला करण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या म्हाताऱ्याच्या कानातल्या सुया पंख्याच्या वाऱ्याने किंचित हलत होत्या. माणसाला जेवू घालता येतं, आंघोळ घालता येते. त्याच्या वतीने ‘नको’ म्हणता येत नाही.

पंधरा मिनिटांतच भाऊ उठला. सुया टोचणाऱ्या बाईंनी काही न विचारता त्याच्या सुया काढल्या. जाणाऱ्याला अडवायचं नाही, हा इथला नियम. मी उठू लागले, तशा त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, “ताई, तुमची वेळ व्हायचीय अजून.”

फाटकाबाहेर उजवीकडे आमचं घर आहे, डावीकडे गुत्ता. मी बसून राहिले. फाटक दिसणारी खिडकी माझ्या पाठीमागे होती.